बेहड्यावरचं घरटं आणि वाऱ्याकडची झाडी

हे प्रकरण मंडणगड-दापोली पट्ट्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातलं आहे. गावाचं नाव दिलेलं नाही, माणसांचीही नाहीत. एक तर समुद्री गरुडाच्या घरट्याची जागा उघड होऊ नये, आणि दुसरं म्हणजे ज्यांच्याशी आमची घासाघीस झाली ती माणसं तिथेच राहतात, आजही आमच्याशी बोलतात. २०१९ च्या दिवाळीपासून पुढची तीन-साडेतीन वर्षं, एवढा त्याचा काळ. मी त्यात घरटं वाचवू पाहणाऱ्यांपैकी एक होतो. जी चूक झाली तिच्यात माझा वाटा बराच मोठा आहे.

पार्श्वभूमी

पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, आमच्याकडचा काकण, मासे आणि समुद्रसाप खाऊन जगतो, त्यामुळे किनारा सोडून फारसा आत जात नाही. पंख पसरले की सहा-सात फूट भरतात. ऑक्टोबरच्या आसपास जोडी जुन्या घरट्यावर नव्या काटक्या आणून टाकायला लागते, बहुधा दोन अंडी घालते, चाळीसेक दिवस ती उबवते, आणि त्यापुढे पिल्लाला उडायला अडीचेक महिने लागतात. घरटं वर्षानुवर्षं तेच चालतं. दरवर्षी थर चढत जाऊन ते खाटेएवढं होतं.

खाटेएवढा हा पसारा पेलणारं झाड रानात सहज मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात मिळत नाही, आणि या प्रकरणात सगळ्यात जास्त समजून घेण्यासारखं काही असेल तर ते हेच.

गावाच्या वर जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ माथा, आहे. तिथे मातीचा थर वीतभर. पावसाळ्यात चिखल, डिसेंबरात तवा. तिथे उगवलेला ऐन पन्नास वर्षांचा झाला तरी घराच्या पाख्याएवढाच राहतो. सड्यावरून खाली उतरलं की माती बरी, पण त्या उतारावर दोन गोष्टी सतत होत आल्या आहेत. एक म्हणजे राबासाठी, भाताच्या रोपांची जागा भाजायला, होणारी कवळतोड: ऐन, किंजळीच्या फांद्या दरवर्षी उतरवतात, त्यामुळे झाड खांबासारखं उभं राहतं आणि त्याच्या अंगावर नुसते झुबके फुटतात. दुसरी म्हणजे बारा-पंधरा वर्षांच्या फेऱ्याने होणारी जळाऊ लाकडाची तोड. बुंधा कापला की चार-पाच फुटवे येतात, उजेडासाठी एकमेकांशी शर्यत लावत सरळसोट वाढतात आणि मनगटाचे पोटरीएवढे झाले की पुन्हा कापले जातात. लांबून डोंगर हिरवागार दिसतो. गरुडाच्या लेखी मात्र तो रिकामा असतो. अशा रानात शिक्र्यासारखा लहान शिकारी पक्षी खुशाल घरटं करतो, सड्यावरच्या एकट्यादुकट्या झाडावर कापशी घार बसलेली दिसते. काकणाला तिथे टेकायलाही जागा नसते.

त्याला हवी असते ती जाड बेचकी. ती भोवतालच्या झाडांच्या डोक्यांपेक्षा वर असावी आणि निदान एका बाजूने मोकळी असावी, म्हणजे लांब पंख न आपटता आत येता येतं. अशी बेचकी तयार व्हायला झाडाला साठ-सत्तर वर्षं कोयता लागता कामा नये आणि मुळाला खोल माती मिळायला हवी.

गावात हे दोन्ही एकाच ठिकाणी जमलं होतं. सड्यावरून उतरणाऱ्या पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, एक घळ कोरलेली आहे. वरची धुपलेली माती शेकडो पावसाळे तिथे येऊन साठली. झरा फेब्रुवारीपर्यंत ओला असतो. उतार इतका उभा की कापलेलं लाकूड ओढून वर काढणं कोणाला परवडलंच नाही. म्हणून तिथे बेहडा, सातवीण, रायवळ आंबे, काटेसावर अशी जुनी झाडं राहून गेली होती. कोणी ती मुद्दाम राखलेली नव्हती. घरटं त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेहड्यावर होतं. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर साडेतेरा फूट, बेचकी साधारण सत्तर फुटांवर. बुंध्याखाली शिंगाळा माशांची डोकी पडलेली असायची. घळीच्या कडेला राहणाऱ्या काकू त्यांचे काटे वेचून बाजूला टाकायच्या, कारण गुरांच्या खुरांत जायचे.

अडचण

जमीन सामाईक, सातबाऱ्यावर सहा नावं. त्यातले चार हिस्सेदार मुंबईला, एक पुण्याला, आणि गावात फक्त काकू. २०१९ च्या गणपतीत सगळे जमले तेव्हा रान विकायचं ठरलं. एका भावाकडे मुलीचं लग्न होतं, वडिलोपार्जित घराचं छप्पर बदलायचं होतं. कारणं खरी होती.

आधीच्या पिढ्यांना न परवडलेली घळ आता परवडू लागली होती, ती जेसीबीमुळे. व्यापाऱ्याने दोन दिवसांत सड्यावरून खाली वाट काढली. जमीन अवघड आहे म्हणून टिकलेलं रान अवघड राहिलं नाही की कसं उघडं पडतं, ते तिथे उभं राहून पाहिलं.

दिवाळी झाली की तोडीचा हंगाम सुरू होतो, आणि काकणाच्या विणीचाही. काकूंनी शाळेतल्या एका शिक्षकाला सांगितलं, शिक्षकांनी आम्हाला. आम्ही पोचलो तेव्हा नोव्हेंबर निम्मा झाला होता आणि मादी घरट्यात बसलेली होती. दुर्बिणीतून फक्त डोकं दिसायचं.

कायद्याची बाजू तपासली. समुद्री गरुड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या कायद्यात पक्ष्याची अंडी किंवा घरटं यांना धक्का लावणंही शिकारीतच मोडतं. म्हणजे घरट्याला संरक्षण होतं. महाराष्ट्राचा वृक्षतोडीचा कायदा १९६४ चा. त्याच्या यादीतल्या सोळा झाडांना हात लावायचा तर परवानगी लागते. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ त्यात आहेत, बेहडा नाही. एक कायदा घरटं बघतो, दुसरा झाडाची जात बघतो. घरट्यापासून चाळीस पावलांवरची करवंदीची जाळी यातल्या कोणाच्याच नजरेत येत नाही. तेव्हा आमच्याही आली नाही.

समोरचे पर्याय

पहिला, तक्रार करून सगळी तोड थांबवायची. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं तेच होतं. घरट्यात अंडी असल्याने तेवढ्यापुरती तोड थांबली असती. पण पिल्लू उडाल्यावर हिस्सेदार मोकळे, आणि पुढच्या वर्षी जोडी काटक्या आणायला लागण्याआधीच झाड आडवं झालं असतं. गावात 'पक्षी दिसला की सरकार येतं' असा बोभाटा झाला की पुढचं घरटं कोणी कळवत नाही. हे आम्ही दुसऱ्या एका गावात अनुभवलं होतं.

दुसरा, फक्त बेहडा राखायचा आणि बाकी रान जाऊ द्यायचं. व्यापारी याला लगेच तयार होता. बेहड्याच्या लाकडाला तसाही फार भाव नाही.

तिसरा, बेहड्याभोवतीची काही झाडंही राखायची, त्यांची किंमत हिस्सेदारांना द्यायची, आणि बाकीची तोड पिल्लू उडेपर्यंत पुढे ढकलायची.

चौथा, अख्खी घळ दहा वर्षांच्या करारावर घ्यायची. आंबा आणि सातवीण धरून. त्यासाठी लागणारे पैसे आमच्याकडे नव्हते आणि सहा हिस्सेदारांच्या सह्या एका महिन्यात मिळवणं अशक्य वाटलं. आज वाटतं, 'अशक्य' हा शब्द आम्ही जरा घाईने वापरला. फोनवर चौघांशी बोलणं झालं होतं, त्यातल्या दोघांनी साफ नकार दिलेला नव्हता.

काय ठरलं, काय केलं

तिसरा पर्याय घेतला. काकूंच्या पडवीत बैठक झाली. व्यापारी, दोन हिस्सेदार, शिक्षक, बीटाचे वनरक्षक आणि आम्ही तिघे. बेहडा आणि त्याच्या भोवतालची आठ झाडं राखायची ठरली: चार आंबे, दोन सातविणी, एक सावर, एक जांभूळ. निवडताना हिशोब असा केला की बेहडा जानेवारीनंतर निष्पर्ण होतो आणि पिल्लू नेमकं तेव्हाच घरट्यात असतं. पश्चिमेचा एक सदाहरित आंबा दुपारच्या उन्हाला आडवा येत होता, तो हवाच. उडायच्या आधी आठ-दहा दिवस पिल्लू शेजारच्या फांद्यांवर उड्या मारत पंख आजमावतं, म्हणून लागून असलेल्या दोन सातविणीही हव्या. या आठ झाडांची बाजारभावाने किंमत आम्ही वर्गणी काढून दिली.

उरलेली मोठी झाडं पिल्लू उडाल्यावर, म्हणजे मार्चमध्ये कापायची, यावर व्यापारी अडला. त्याची माणसं येऊन बसली होती, मुकादमाला उचल दिलेली होती. तीन-साडेतीन महिने त्यांनी काय करायचं?

इथे आम्ही तोडगा काढला, आणि मला वाटतं, इथेच प्रकरण हातचं गेलं.

घळीच्या तोंडाशी, समुद्राकडच्या अंगाला, पुरुष-दीड पुरुष उंचीची दाट झाडी होती. अंजनी, करवंद, तोरण, खुरटं जांभूळ. वर्षानुवर्षं खारा वारा खाऊन तिचा माथा कंगव्याने मागे विंचरावा तसा डोंगराकडे कललेला. घरट्यापासून ती पुरेशी लांब आणि खालच्या अंगाला होती. तिथे काम चाललं तरी मादी उठत नव्हती, हे आम्ही एक सकाळ बसून पाहिलं होतं. आम्ही म्हटलं, ती आधी काढा. व्यापाऱ्याला भट्टीचा माल मिळाला, माणसांना काम मिळालं, आम्हाला पिल्लू उडेपर्यंत शांतता मिळाली. आमच्या वहीत त्या झाडीची नोंद एका शब्दाची आहे: 'झुडपं'.

बैठकीत फक्त एक माणूस याविरुद्ध बोलला. काकूंकडे गुरं राखणारे एक आजोबा, पडवीच्या पायरीवर बसलेले. म्हणाले, "वाऱ्याकडची काढलीत तर आतली उभी राहायची नायत." त्यावर हिस्सेदारांपैकी एक जण हसला, "आजोबा, शंभर वर्षांचं झाड हाय तां!" आणि विषय चहावर गेला.

गंमत अशी की याच हिस्सेदाराची सड्याच्या उतारावर हापूसची बाग आहे आणि बागेच्या समुद्राकडच्या बाजूला त्याने स्वतः सुरूची रांग लावलेली आहे. का, असं विचारलं तर तो दहा मिनिटं बोलेल: मोहोर झडतो, कलमं हलतात, खारं वारं पानं करपवतं. कलमांसाठी जे त्याला पाठ होतं, आणि आम्हालाही, ते रानाला लावून बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. राखायचं म्हणजे मोठं झाड राखायचं, हे आम्ही सगळ्यांनी न बोलता धरून चाललो होतो.

डिसेंबरात ती कड साफ झाली. अंड्यांतून किती पिल्लं निघाली ते खालून कळत नव्हतं, जानेवारीच्या अखेरीला एक डोकं वर दिसू लागलं. १२ मार्च २०२० ला ते पिल्लू बेहड्यावरून सातविणीवर आणि तिथून थेट पऱ्यावर उडालं. तपकिरी पिसांचं, आईबापांसारखं काहीच न दिसणारं. काकूंनी आम्हाला फोन केला तो, "गेलं गो तुमचं!" असा. आम्ही पेढे वाटले. त्या आठवड्याच्या नोंदी मी आता वाचतो तेव्हा अवघडल्यासारखं होतं.

मोठ्या झाडांची तोड सुरू होऊन दहा दिवस झाले असतील, तेवढ्यात टाळेबंदी लागली. माणसं गावाला निघून गेली. घळीचा निम्म्याहून अधिक भाग तसाच उभा राहिला, तो कोणाच्याही शहाणपणामुळे नव्हे.

३ जून २०२०

निसर्ग चक्रीवादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्यावर आलं. आमचा पट्टा त्याच्या दक्षिणेला, म्हणजे वारा समुद्रावरून थेट अंगावर. मंडणगड आणि दापोलीत नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, कौलं उडाली, आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. घरट्याचं काय झालं हे विचारायचीही लाज वाटावी असे ते दिवस होते.

घळीत उतरलो तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. बेहडा मुळासकट उपटलेला नव्हता. खोल मातीने मूळ धरून ठेवलं होतं. तो बेचकीत फाटला होता. एक खोड उभं, दुसरं बुंध्यापर्यंत चीर पाडून खाली आलेलं, आणि घरट्याचा ढीग पऱ्याच्या पाण्यात पसरलेला. काटक्यांमध्ये निळ्या नायलॉन जाळ्याचा तुकडा होता आणि एक वहाणेचा पट्टा. राखलेल्या आठांपैकी समुद्राकडचे तीन आंबे गेले. त्यांच्यामागची झाडं मात्र वाकली, फांद्या गमावल्या, पण उभी राहिली.

वारारोधक कड असती तर बेहडा वाचला असता, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्या वाऱ्याने राखलेली रानंही मोडली आहेत. पण शेजारच्या सोंडेवर देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आहे, तिचा समुद्राकडचा काठ कधीच तोडलेला नाही. तिथे काठावरची झाडी होरपळल्यासारखी झाली होती, पानं उरली नव्हती, आतली मोठी झाडं बहुतेक उभी होती. दोन्ही जागांमधलं अंतर चालत पंधरा मिनिटांचं. मी ते त्या दिवशी दोनदा चाललो.

पुढे एकमेकांच्या आड वाढलेल्या झाडांबद्दल वाचलं, लोकांना विचारलं. आडोशाला वाढलेलं झाड उंचीवर जोर देतं, वाऱ्याला तोंड देण्यासाठी खोड जाड करायची त्याला गरज पडत नाही. उघड्यावर वाढलेलं झाड लहानपणापासून हलत राहतं आणि त्या हलण्यानेच जाड, बुटकं, चिवट होतं. आमच्या बेहड्याची सत्तर फुटांवरची बेचकी आडोशाची कमाई होती. तो आडोसा आम्ही एका हिवाळ्यात काढून घेतला.

त्यानंतर

२०२० च्या ऑक्टोबरात जोडी परत आली. उभ्या राहिलेल्या खोडावर चार-पाच दिवस काटक्या आणून टाकल्या, त्या टिकेनात. मग किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात एका शेंड्यावर घरटं रचलं. सुरूला बेचकी अशी नसतेच. जानेवारीत जोराचं वारं सुटलं त्यात ते कलंडलं. त्या हंगामात पिल्लू नाही. पुढच्या वर्षी जोडी देवरहाटीतल्या एका सातविणीवर गेली, आणि २०२२ च्या मार्चमध्ये तिथून एक पिल्लू उडालेलं आम्ही पाहिलं.

याच दरम्यान दुसरी अडचण उभी राहिली. आमच्या करारात शब्द असे होते: 'घरटं असलेलं झाड व भोवतालची आठ झाडं, घरटं असेपर्यंत.' घरटं गेलं म्हटल्यावर करार संपला. नोव्हेंबर २०२० मध्ये व्यापारी उरलेल्या घळीसाठी परत आला, आणि पुण्याच्या हिस्सेदाराने अगदी सभ्यपणे विचारलं, "पक्षी तर सुरूच्या बनात गेला, मग आता आमचं रान कशासाठी अडवता?" प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर द्यायला घरटं सोडून रानाबद्दल बोलायला हवं होतं, आणि ती भाषा आम्ही आधी कधी वापरलीच नव्हती.

या वेळी चौथ्या पर्यायाकडे गेलो. झाडं न मोजता जागा धरली: पऱ्याच्या दोन्ही अंगांचा पट्टा, आणि समुद्राकडच्या साफ झालेल्या कडेवर येणारे फुटवे, दहा वर्षांसाठी. सहापैकी तिघांनी सही केली, काकू धरून. उरलेल्या तिघांच्या वाट्याची वरची बाजू तुटली. सामाईकातली वाटणी कोणत्या झाडापाशी सुरू होते यावरून भावाभावांत वाद झाला, त्याला निमित्त आम्ही ठरलो. त्या घरात त्यानंतर दोन गणपती वेगळे बसले.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीत घरट्याकडे दुर्बीण लावण्याआधी मी वारा कुठून येतो ते बघेन. पावसाळ्यात पाणी कुठून उतरतं, माती कुठे साठते, कुठली झाडी कोणाला आडोसा देते, हे गुराख्याला विचारून कागदावर काढायला अर्धा दिवस पुरतो. तो अर्धा दिवस आम्ही मादीची छायाचित्रं काढण्यात घालवला.

तोड थोपवण्यासाठी काहीतरी सोडावं लागणारच होतं, तर कड देण्याऐवजी वरच्या उताराचे फुटवे द्यायला हवे होते. ते तसेही बारा-पंधरा वर्षांत परत येतात. मधल्या आंब्यांपैकी एखादा दिला असता तरी चाललं असतं, फक्त तोड पिल्लू उडाल्यावर. व्यापाऱ्याला माल हवा होता, तो कुठल्या अंगाचा यावर त्याचा हट्ट नव्हता. आम्ही विचारलंच नाही.

करारात घरट्याचा उल्लेख असावा, पण मुदत घरट्याला बांधू नये. जोडी जागा बदलते, आणि बदलायला दुसरी तयार जागा असेल तरच बदलते. देवरहाटी नसती तर ही जोडी सुरूवरून कुठे गेली असती, याचं उत्तर मला त्या गावाच्या पाच किलोमीटरांत सापडलेलं नाही.

तक्रारीबद्दल मतभेद राहिलेले आहेत. आमच्यातल्या एकाला अजून वाटतं की पहिल्याच वर्षी तक्रार केली असती तर निदान कड वाचली असती. मला ते पटत नाही, तोड एका वर्षाने पुढे गेली असती इतकंच. पण एका वर्षाने पुढे म्हणजे निसर्ग येऊन गेल्यावर, असं तो म्हणतो, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर कडेवर गेलो होतो. अंजनीचे फुटवे कमरेच्या वर आलेत, करवंदीने मधल्या जागा भरायला घेतल्यात. फाटलेल्या बेहड्याच्या बुंध्याला सात फुटवे आहेत, त्यातले पाच काढून दोनच ठेवावेत असं आजोबांचं म्हणणं. काकूंचा प्रश्न वेगळा होता: काढलेले पाच जळणाला त्यांना मिळणार की करारात ते पण आमचेच?